लाह्यांच्या डब्यात कॅमेरा

बालाघाटला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या सांगलीत निम्म्या लोकांना बीडकडचे डोंगर आठवतात. शेजारच्या काकूंनी तर पिशवीच पुढे केली, "सीताफळं आणली असशील ना गं?" मी शिंगाडे आणले होते. सीताफळं कुठून काढू? तेव्हा एकदाच सांगून टाकते. हे बालाघाट मध्य प्रदेशातलं. गोंदियाला रेल्वेतून उतरायचं, बस धरायची, आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना भातखाचरं, तळी आणि लांबवर जंगलाची काळी रेघ लागते. माणसं घरात मराठी बोलतात, बाजारात हिंदी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती.

मला तिथे ओढणाऱ्या गोष्टी दोन. एक पुष्पा, माझी नागपूरच्या हॉस्टेलमधली खोलीतली मैत्रीण. दुसरी सारस पक्ष्यांची जोडी, जी पुष्पाच्या गावाजवळ वैनगंगेच्या वाळूत रोज सकाळी उतरते असं ती वर्षभर फोनवर सांगत होती. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी दोन शौक लावून घेतलेत: कयाक चालवायची आणि फोटो काढायचे. दोन्ही शौक एकमेकांचे वैरी आहेत हे मला फार लवकर कळलं. पहिला कॅमेरा आमच्या कृष्णेत गेला. नवऱ्याने शांतपणे हात जोडले आणि म्हणाला, "कृष्णार्पणमस्तु." तेव्हापासून माझ्या पाण्यावरच्या प्रत्येक सहलीआधी तो हात जोडतो.

म्हणून या वेळी तयारी अशी केली होती की पाण्यालाच लाज वाटावी. नव्या कॅमेऱ्यासाठी जाड, नारिंगी रबरी पिशवी, तोंडाला तीन घड्या घालून क्लिप लावायची, आत पाण्याचा थेंब जाणार नाही. पिशवीच्या आत झिपची पिशवी. त्यात ओल शोषणाऱ्या पुड्या. दोन पंचे. आणि हवा भरायची दोघांची कयाक, जी घडी घालून बॅगेत मावते. निघताना नवरा हात जोडायला लागला तेव्हा मी म्हटलं, "या खेपेला कोरडा परत आणते, बघशीलच."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हट्टा

पुष्पा हट्ट्याच्या स्टँडवर उभी होती. केस पांढरे, आवाज तोच. येणाऱ्याजाणाऱ्याला "जय भीम" करत, मध्येच एका रिक्षावाल्याशी हिंदीत हुज्जत घालत तिने माझी बॅग उचलली आणि म्हणाली, "नीलू, एवढं काय भरलं वं? लग्नाले आली का?" प्राथमिक शाळेत शिकवते, पण बोलण्याचं वळण तसंच ठेवलंय. तिचा नवरा उकव्याच्या मॅंगनीजच्या खाणीत, शनिवारीच घरी येतो. त्यामुळे आम्हाला बडबडायला तीन दिवस मोकळे.

आधी तिने मला तिथली बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर दाखवली. पायऱ्या उतरत गेलं की उन्हाचा चटका मागे राहतो आणि दगडातला गारवा अंगाला लागतो. खाली पाणी होतं म्हणून मी कॅमेरा बाहेरच काढला नाही. वीस पायऱ्या वर उभी राहून नुसती बघितली. पुष्पा हसून हसून खांबाला टेकली. "अवं, बावडी काय उसळून येते का तुह्या अंगावर?" मी म्हटलं, पाण्याचा भरवसा नाही. ती म्हणाली, "पान्याचा हाय. तुहाच नाही."

गाव हट्ट्यापासून थोडं आत. रात्रीच्या जेवणाला चिन्नोरचा भात होता. हा तिकडचा सुगंधी तांदूळ. झाकण काढलं आणि मी बोलायचं विसरले. त्यावर लाखोळीच्या डाळीचं वरण, आणि वालाच्या दाण्यांत घातलेले तळ्यातले झिंगे. आमच्याकडे भाकरी आधी आणि भात शेवटी, तोही ताकापुरता. इथे भात आधी, भात मध्ये, आणि पोट भरल्यावर थोडा भात. मी पोळी मागितली तर पुष्पाने काळजीने विचारलं, "बरं नाही का वाटून राह्यलं?"

पण त्या जेवणाआधी, उन्हं कलताना, आम्ही तळ्यावर जाऊन आलो होतो. आणि माझी गोष्ट खरी तिथून सुरू होते.

तळं

गावामागच्या तळ्यात पाणी दिसतच नव्हतं. सगळीकडे शिंगाड्याची पानं, हिरवी-तांबूस, एकाला एक चिकटून पसरलेली. त्या पानांमधून एक लाकूड सरकत आमच्याकडे येत होतं, आणि लाकडात एक बाई बसली होती. तो डोंगा. एकाच खोडातून कोरून काढलेली होडी, इतकी अरुंद की माझ्यासारखी खात्यापित्या घरची बाई बसली तर दोन्ही बाजूंनी बाहेर येईल. ती बाई वेल उचलायची, उलटा करायची, खालचे शिंगाडे चटचट तोडून पायाशी टाकायची आणि वेल पुन्हा पाण्यात सोडायची. मधूनच एका तुटक्या डब्याने डोंग्यातलं पाणी बाहेर फेकायची.

"फुलवंता काकी," पुष्पाने हाक मारली, "माही मैत्रीण आली. सांगलीहून."

फुलवंताबाई पासष्टीच्या असतील. बारीक, काटक, बोटांवर शिंगाड्याच्या काट्यांचे शंभर ओरखडे. हिवाळ्यात शिंगाडे काढायचे आणि बाकीचं वर्ष भट्टीवर लाह्या-मुरमुरे फोडून आठवडी बाजारात विकायचे, हा त्यांच्या घरचा पिढीजात धंदा. त्यांनी मला एक शिंगाडा सोलून दिला. कच्चा, गोड, दुधाळ. उपासाच्या पिठाशी याचं काही नातं असेल यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

मग त्यांची नजर माझ्या पिशवीवर गेली. मला काय, कोणी विचारायचाच अवकाश. मी पिशवीत रुमाल घातला, तीन घड्या मोजून दाखवल्या, क्लिप लावली, तळ्यात बुडवली, काढली, रुमाल कोरडा. जत्रेतल्या जादूगारासारखी मी दोघींकडे पाहिलं.

"पिशवी चांगली हाय," फुलवंताबाई म्हणाल्या. "पन मानूस घाई करते, तं पिशवी काय करन बिचारी?"

मी हसले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, तेव्हा मी शहाणी नव्हते हे उघड आहे.

त्या डोंग्याची कड हाताने चोळत बसल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाई, माह्या डोंग्याचा एक फोटो काढसान का? मी बसलो हाय असा." तिकडे बायकासुद्धा 'मी बसलो', 'मी जातो' असंच म्हणतात. दोन दिवसांत मीही म्हणायला लागले होते.

"काढते की. त्यात काय."

"पान्यातला पाहिजे. काठावरचा नाही. परवा वर काढून राह्यलो याले."

मग कळलं ते असं. हा डोंगा त्यांच्या सासऱ्याने एका आंब्याच्या खोडातून कोरलेला. लग्न होऊन आल्या तेव्हा तळ्यावर अकरा डोंगे होते. आता बाकीचे लोक पत्र्याच्या नाहीतर थर्माकोलच्या होड्यांतून शिंगाडे काढतात. हा एकटाच उरलाय, आणि त्यालाही तळाशी लांब चीर गेलीय. चिंध्या आणि डांबर भरून दोन हंगाम ढकलले. परवा दुपारी पुतण्या ट्रॅक्टर घेऊन येणार आणि डोंगा कायमचा पाण्याबाहेर. जुना डोंगा त्यांच्यात जाळत नाहीत. अंगणात ठेवतात आणि जनावरांची गव्हाण करतात.

"मालकाचा फोटो नाही, सासऱ्याचा नाही," त्या म्हणाल्या. "माहा एक हाय, आधारकार्डाचा. त्यात मी मेल्यावानी दिसतो. याच्यात बसलेला एक असला तं बरं. मी काय काम केलं जन्मभर, ते दिसन."

हे ऐकल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? तिथल्या तिथे कॅमेरा काढावा. ऊन कललं होतं, सोनेरी उजेड होता, डोंगा समोर होता. आणि मी काय म्हणाले? "मावशी, आता उजेड कमी आहे. उद्या सकाळी सारसाचे काढते आणि संध्याकाळी निवांत तुमचे." उजेड चांगला होता. मला पिशवी पुन्हा उघडायचा कंटाळा आला होता, आणि मनात सारस होता. लिहिताना अजून चेहरा गरम होतो.

"हौ, चालते," त्या म्हणाल्या आणि पाणी उपसायला लागल्या.

वैनगंगा

सकाळी धुकं असं की नदी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं कळेना. काठावर पायपंपाने कयाकमध्ये हवा भरली. आंघोळीला आलेल्या एका आजोबांनी बराच वेळ निरखून विचारलं, "यह नाव है के गद्दा?" पुष्पाने मनापासून उत्तर दिलं, "काका, आम्हालेबी तेच पाहाचं हाय."

पुष्पा पुढे, मी मागे. ती पहिल्यांदाच वल्हं धरत होती, त्यामुळे आम्ही पहिली दहा मिनिटं गोल फिरलो. मग जमलं. धुकं विरळ झालं, आणि वाळूच्या पट्ट्यावर ते दोघे दिसले. माणसाएवढे उंच, राखाडी, लाल मानेचे. एकाने मान वर करून हाक दिली आणि दुसऱ्याने तिच्यात आपली मिसळली. तो आवाज छातीत घुमतो हो. मी रडले, खोटं कशाला सांगू.

रडत रडतच पिशवी उघडली, दोन फोटो घेतले. लांब वाटले म्हणून कॅमेरा परत पिशवीत टाकला आणि वल्हं हातात घेतलं. लगेच पुन्हा काढायचाय, घड्या कशाला घालायच्या? एवढाच विचार केला. विचार कसला, फक्त हात थांबला नाही.

आम्ही जवळ गेलो. सारसांनी पंख पसरून नाचायला सुरुवात केली. आणि पुष्पा, तीस वर्षं पोरांना "बसा खाली" म्हणणारी पुष्पा, आनंदाने उभी राहिली.

"पुष्पे, बस!"

"अवं पाह्य ना, पाह्य!"

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आभाळ, पुष्पाची शाल, नाकात पाणी. नदी तिथे कमरेएवढीच होती, त्यामुळे जिवाला काही धोका नव्हता. आम्ही उभ्या राहिलो तेव्हा सारस नाचायचे थांबून आमच्याकडे बघत होते. नारिंगी पिशवी माझ्या हाताशीच तरंगत होती. "सापडली!" मी ओरडले आणि उचलली.

जड लागली. आत डुबूक असा आवाज झाला.

पाणी आत येऊ न देणारी पिशवी एकदा आत आलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही, ही गोष्ट तिच्यावर कुठे लिहिलेली नव्हती. कॅमेरा लोणच्याच्या फोडीसारखा आत पोहत होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं, म्हणजे तेवढं एकच पाणी होतं जे हवं तेव्हा पळालं. नवऱ्याचे जोडलेले हात डोळ्यांपुढे आले. आणि त्यामागोमाग, माझ्यासाठी हे बरं झालं, फुलवंताबाई आठवल्या. डोंगा उद्या दुपारी वर निघणार होता. गावात फोटो काढायला दुसरं कोणी नव्हतं का? फोन होते की. पुष्पाचाही होता, पण तो तिच्या कमरेला खोचलेला असल्यामुळे तिच्याबरोबरच अंघोळ करून आला होता, आणि माझा पिशवीत कॅमेऱ्याच्या सोबतीला होता. मुख्य म्हणजे, मी शब्द दिला होता.

चिन्नोर आणि लाह्या

पहिला कॅमेरा बुडाल्यावर एक शिकले होते: चालू करून बघायचा नाही. बॅटरी काढली, कार्ड काढलं, लेन्स वेगळी केली, सगळं पुसलं. पुष्पाने अपराधी चेहऱ्याने चिन्नोरचा डबाच माझ्यापुढे ठेवला. "तांदळात ठेव. मोबाईल ठेवतात ना." वर्षाचा पाहुण्यांसाठी राखलेला तांदूळ! मी नको नको म्हणेपर्यंत तिने तो पातेल्यात ओतला आणि कॅमेरा मलमलीच्या फडक्यात गुंडाळून त्यात पुरला. दोघींचे फोन दुसऱ्या पातेल्यात. घरभर सुगंध सुटला, आणि आम्ही दोघी ब्लॅंकेट पांघरून, शिंकत, पातेल्यांकडे बघत बसलो.

बातमी आमच्याआधी गावात पोचली असावी, कारण नऊच्या सुमारास फुलवंताबाई दारात. मी उठून उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. उजेड कमी नव्हता, मी खोटं बोलले, सारसापायी तुमचा फोटो मागे टाकला, हेही.

त्या म्हणाल्या, "सारस काय परवा उडून जात होता का वो? राह्यते तो इथंच. डोंगा तं चालला होता माहा." एवढंच. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग त्यांनी वाकून पातेल्यात पाहिलं. "हे काय केलं?"

"तांदूळ ओल ओढून घेतो ना, मावशी."

"तांदूळ? तांदूळ शिजवल्याबिगर पानी पेते का कुठं?"

बँकेत तीस वर्षं काढली, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"लाह्यांच्या डब्याचं झाकन उघडं राह्यलं तं काय होते?"

"सादळतात."

"घंटाभरात सादळते. तांदळाचं झाकन महिनाभर उघडं ठेवा, काई होत नाही. मंग ओल कोन पेते? आना इकडं." कॅमेरा त्यांनी काखेतल्या बाळासारखा उचलला.

मी घाईने म्हटलं, "मुरमुऱ्यांना मीठ असतं, मावशी. मीठ नाही चालणार कॅमेऱ्याला."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. "हे बराबर बोलल्या. म्हनून लाह्याच घेऊ. धानाच्या लाहीले मीठ नाही लागत."

त्यांच्या अंगणात भट्टी पेटलेलीच होती. कढईत तापलेली रेती, तीत मूठभर धान टाकलं की तडतड करत पांढरी फुलं उडायची. चाळणीने रेती गाळायची, सुपात फोलं पाखडायची, लाह्या कोमट झाल्या की झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा मध्ये, लेन्स त्याच्या शेजारी, वरून पुन्हा लाह्या, झाकण घट्ट. डबा उन्हात. तासाभराने झाकण उघडून त्यांनी एक लाही दाताखाली धरली आणि मलाही दिली. मऊ, चामट.

"पाह्यलं? तुमची वैनगंगा हाय ही."

ती खेप एका टोपलीत काढली, नवी भरली. मी टोपली फेकायला निघाले तर हातातून घेतली, "राहू द्या, कामाले येते." दिवसभर हेच. मी आणि पुष्पा त्यांना धान पाखडून देत होतो, त्या फोडत होत्या आणि दर तासाला चव घेत होत्या. मी बाजारात विकायच्या लाह्यांची नासाडी होतेय म्हणून चुळबुळत होते, तर म्हणाल्या, "माहा फोटो हाय त्याच्यात अडकलेला. तुमच्यासाठी नाही करून राह्यलो." संध्याकाळी लाही अर्धी मऊ, अर्धी करकरीत निघाली. बॅटरी घालून बघायला माझे हात शिवशिवत होते. त्यांनी डबाच उचलून घरात नेला. माझ्या हातांचा अंदाज त्यांना आला होता.

डोंगा

सकाळी झाकण उघडलं. लाही तोंडात टाकली. कुर्र! फुलवंताबाईंनी दुसरी चावली, डोळे मिटून. "झाला."

लेन्स बसवली, कार्ड आणि बॅटरी घातली. देवाचं नाव घेतलं, पुष्पाने बुद्धाचं घेतलं, आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला! आम्ही तिघी एकदम ओरडलो, आणि शेजारची शेळी दावं तोडून पळाली. कॅमेऱ्यातून बघितलं तर मात्र सगळं पांढरं. लेन्सच्या आत धुकं धरलं होतं. वैनगंगेवरचं धुकं विरलं होतं, तेच जणू इथे येऊन बसलं होतं. उन्हात धरलं तर जाईल, पण किती वेळाने, कोण सांगणार?

आणि तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. दुपारी येणारा पुतण्या सकाळीच आला होता, बरोबर दोन माणसं आणि दोरखंड. "काकी, जल्दी करो, मेरेको आगे दो जगह और जाना है."

फुलवंताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या लेन्सकडे पाहिलं. तळ्याकडे गेल्या, डोंग्यात बसल्या, आणि बांबू रेटत थेट तळ्याच्या मधोमध जाऊन थांबल्या.

"काकी! ये क्या है?"

"फोटो व्हायचा हाय," तिथून आवाज आला. "मंग काढ."

आता मधोमध बसलेल्या बाईसकट डोंगा ओढायचा कसा? पुतण्या कपाळाला हात लावून काठावर बसला. मी कयाक पाण्यात घातली. नारिंगी पिशवीकडे हात गेला तसा पुष्पाने माझ्या मनगटावर चापट मारली आणि कॅमेरा लाह्यांच्या डब्यात घालून डबा माझ्या मांडीवर ठेवला. झाकण घट्ट. तिला मात्र मी काठावरच ठेवलं. जेवढं उभं राहायचंय तेवढं तिथे राहा म्हटलं.

मधोमध पोचले, डबा उघडला, लेन्स उन्हाकडे धरली. धुकं कडेने आत आत सरकत होतं, पण सावकाश. तिकडे डोंग्याची चीर आपलं काम करत होती. फुलवंताबाई एका हाताने पाणी उपसत होत्या.

"झालं का वो बाई?"

"थांबा मावशी, अजून थोडं आहे."

"हा तं पानी पेऊन राह्यला."

"बाहेर या मग, पुन्हा..."

"मी नाही येत."

धुकं रुपयाएवढं उरलं. डोंग्यातलं पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत चढलं. काठावरून पुतण्या दोन भाषांत काहीतरी ओरडत होता. धुकं शिंगाड्याच्या पानाच्या देठाएवढं झालं आणि मी ओरडले, "डबा खाली ठेवा! इकडे बघा!"

त्यांनी पाणी उपसायचा डबा खाली ठेवला. पदर नीट केला. एक वेल उचलून उलटा धरला, जसा हजारदा धरला असेल, आणि माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत. मी पाच फोटो घेतले. सहाव्याला बटण अडकलं ते अडकलंच.

काठावर आल्यावर त्यांना पडद्यावर दाखवले. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी ओझरतं पाहिलं. मग बोट डोंग्याच्या पुढच्या टोकावर, नाळेवर ठेवलं, जिथे लाकडावर खोड तासणाऱ्या वाकसाचे जुने घाव स्पष्ट उमटले होते. "हे सासऱ्याच्या हातचं," म्हणाल्या, आणि डोळे पुसले. मग पुतण्याकडे वळून मोठ्याने, "काय पाह्यतं रे? काढ आता!"

दुपारी डोंगा त्यांच्या अंगणात, दोन दगडांवर बसवलेला होता. त्यांच्यात रीत अशी की नव्या गव्हाणीत पहिला घास घरातल्या बाईने टाकायचा. फुलवंताबाईंनी कालची टोपली आणली. वैनगंगा प्यायलेल्या त्या सगळ्या मऊ लाह्या डोंग्यात ओतल्या, वासराला सोडलं, आणि ते मन लावून खायला लागलं. आम्ही बराच वेळ बघत उभ्या होतो.

सांगलीत दुरुस्तीवाल्याने कॅमेरा उघडला आणि चिमट्यात काहीतरी धरून विचारलं, "मॅडम, आत भाताचं फोल कसं?" मी त्याला सगळी गोष्ट सांगितली, बिचाऱ्याचं दुकान बंद करायची वेळ झाली. नवऱ्याने जोडलेले हात सोडले आणि कोरडा कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. मग सारसाचे दोन फोटो बघितले. दोन्हींत पुष्पाची पाठ आहे, आणि तिच्या कानामागून लाल मान डोकावतेय.

फुलवंताबाईंचा फोटो मोठा करून पाठवला. चौकटीत बसवून, काचेसकट. पंधरा दिवसांनी पुष्पाचा फोन आला. मी विचारलं, कुठे लावलाय? समोरच्या भिंतीवर?

"नाही वं. चौकट काढून ठेवली. म्हने भिंत पावसाळ्यात ओल धरते. लाह्यांच्या डब्यात ठेवला हाय. बाजारात नेते डबा, गिऱ्हाईकाले काढून दाखवते, फुकून साफ करते, मंग परत आत."

"अगं, पण तो..."

"थांब, त्या इथंच हाय. तुले निरोप सांगून राह्यल्या." फोनमध्ये झाकणाचा खडखडाट झाला. काहीतरी चावल्याचा आवाज आला, कुर्र, अगदी स्पष्ट. आणि मागून फुलवंताबाईंचा आवाज:

"बाईले म्हना, फोटो कोरडा हाय."